तीनशे तास

एस्किलचे स्पीकर आले त्याच आठवड्यात
माझी श्रवणयंत्रं आली.
त्याचे दोन, माझी दोन.
त्याच्या एकेकाचं वजन एकेचाळीस किलो,
माझी दोन्ही मिळून दोन शेंगदाणे.
किंमत विचारू नका. कोणाचीच.

दुकानदार होल्स्टेब्रोहून व्हॅन घेऊन आला. म्हणाला,
आत्ता ऐकून मत बनवू नका. नवे आहेत, आखडलेले,
शंकूभोवतीचं रबर ताठ, खर्ज घशातच अडकतो.
तीनशे तास वाजू द्या, मग बोला.
एस्किल मान डोलवत राहिला,
पहिलटकरणीनं सुईणीचं ऐकावं तसा.

मग त्यानं त्यांना समोरासमोर उभं केलं, नाकाला नाक.
एकाच्या तारा उलट्या जोडल्या,
म्हणजे एक पुढे सरला की दुसरा मागे हटेल
आणि दोघांचा आवाज दोघांतच जिरेल.
वरून माझ्या आईची पिसांची रजई.
"शेजाऱ्यांना त्रास नको," म्हणाला.
मी म्हटलं, बेचाळीस वर्षं आपण दुसरं काय केलं?
त्याला ते ऐकू गेलं नाही.
किंवा गेलं.

कानाच्या दवाखान्यातली बोडिल, माझ्या नातीच्या वयाची,
मलाही तेच सांगत होती:
सुरुवातीला सगळं पत्र्यासारखं वाजेल,
काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका,
कान नाही, मेंदू रुळायचा असतो.
नवी वहाण चावतेच. पण ही वहाण
राईचा पाव चावताना खडी फोडते,
वर्तमानपत्राची घडी घालताना जहाजाचं शीड फाडते.
स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद आहे
असं मी तीन वर्षं धरून चालले होते.
छपरावर सीगल चालतात, त्यांना नखं आहेत.
आणि एस्किलच्या नाकात, डाव्या बाजूला,
एक बारीक शिट्टी आहे.
ती कधीपासून आहे, कोणाला विचारू?

रजईखाली दिवसरात्र फेसाळ खरखर,
भिंतीआड कोणीतरी नळ उघडा ठेवून गावाला गेलेला.
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत तो जशी नोंद ठेवायचा
तशीच वही, तसाच पेन्सिलचा तुकडा.
तास ३६. कोंदट.
तास ८८. अजून कोंदट, पण मनमिळाऊ.
तास १४०. खर्जाला पाय फुटले.
रात्री उठून रजईचा कोपरा उचलतो,
बोटाच्या मागच्या बाजूनं शंकूला हलकेच स्पर्श करतो,
वासराच्या नाकाला करावा तसा.
बेचाळीस वर्षांत मला कोणी असं
नोंदवून ठेवलं नाही,
हे मी बोलले नाही. मी काही रबर नाही.

तीनशेव्या तासाला त्यानं दाढी केली.
स्पीकर सोफ्याकडे वळवले, टेपनं अंतर मोजलं,
चेलोची तबकडी लावली, डोळे मिटले.
आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.
चेलो खोलीत नव्हताच.
थोडा माझ्या डाव्या खांद्यामागे, थोडा उजव्या,
मधे जिथे माणूस बसायचा तिथे नुसतं भोक,
आणि खर्ज कोणीतरी गाळून घेतलेला.
"अजून शंभर तास लागतील," तो पुटपुटला,
ज्या आवाजात त्यानं नोकरी संपल्याचं सांगितलं होतं
त्याच आवाजात.

मी जरा थांबले. खरं सांगायचं तर
थोडी मजाही वाटली.
मग म्हटलं, "तारा."
"काय?"
"एकाच्या तारा अजून उलट्याच आहेत, एस्किल."

तो गुडघ्यांवर बसला. दोन्ही गुडघे वाजले,
उजवा आधी.
लाल तार, काळी तार, अदलाबदल.
आणि चेलोवाला आला,
खुर्ची सरकवून आमच्या दोघांच्या बरोबर समोर बसला,
इतका जवळ की मी पाय आखडून घेतले.
"खुलले की नाही?" एस्किल म्हणाला.
ते मिटलेले कसे वाजत होते हे मी ऐकलंच नव्हतं.
पण मान हलवली.
शांत जागा आली की शिट्टी ऐकू यायची. चेलो, शिट्टी, चेलो.
त्याला सांगितलं नाही.

वहीत शेवटची ओळ: तास ३००. तारा.
कोणी सांगितलं ते लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजई दोरीवर टाकली.
तिच्यात अजून ती खरखर भरून राहिलीय
असं वाटून मी कान लावला.
नव्हती. फ्योर्डवरचा वारा होता,
आणि धूळ. झटकली.